वरच्या वर्गात सुजी रडली नाही

डिलाईल रोड, बीडीडी चाळ
१० जानेवारी १९६०

कांता,

पोरीला घेऊन माहेरी गेलीस ते गेलीस, जाताना तिची गुटीची सहाण आणि दुधाची वाटी दोन्ही इथंच टाकून गेलीस. म्हणजे पोर या घरात परत यायची नाही हे तुझं ठरलेलं होतं, आणि मला तोंडावर म्हणालीस, चार दिवस राहून येते. सरळ सांगितलं असतंस तरी मी काही दारात आडवी पडणार नव्हते. सून सासूशी खोटं बोलते ते मी समजू शकते. पण वाटी न्यायला काय झालं होतं?

जयभीम. हे मागून लिहिते, कारण राग आधी लिहून टाकला की हात मोकळा होतो.

तुझ्या बापानं गोदीतून सुटल्यावर निरोप दिला, की माझ्या शामच्या कंपनीनं तुला आणि सुजीला लंडनला जायला विमानाचा पास दिला आहे. मागच्या स्वस्त बाजूला जागा नाही म्हणून तुम्हाला पुढं वरच्या वर्गात बसवणार, साहेबलोकांत. चाळीत ही बातमी माझ्या आधी पोचली होती. नळावर बायका म्हणाल्या, "जाईबाई, तुमची नात गादीच्या खुर्चीत बसून जाणार." मी म्हटलं, बसली तर ना.

माझं म्हणणं लिहिते. पोर अडीच वर्षांची. परक्यानं नुसतं बघितलं तरी चाळ डोक्यावर घेते. पोस्टमन आला की रडते, गेला की रडते. कोळशानं दारावर रेघोट्या ओढते आणि पुसायला गेलं की हात चावते. असल्या पोराचं वरच्या वर्गात काय काम? तिथं लोक झोपायला बसतात. बोटीनं जा. समुद्राकडं तोंड करून किती का बोंबलेना, समुद्राला कान नाहीत. नाहीतर तिला माझ्याकडं ठेव आणि तू एकटी जा. ती मोठी झाली की बघू.

माझे गुडघे ट्रामची पायरी चढत नाहीत, नाहीतर हे तोंडानं सांगितलं असतं. अक्षर लागलं नाही तर बापाकडून वाचून घे. चाळीतल्या रात्रीच्या वर्गात जेवढं शिकले तेवढं हे आहे.

जाईबाई


माझगाव
१४ जानेवारी १९६०

ती. आत्याबाईंस, सून कांताचा जयभीम.

वाटी मुद्दाम ठेवली नाही. एका हातात सुजी होती, दुसऱ्या हातात ट्रंक. खोटं बोलले ते खरं. तुमच्या समोर खरं बोलले असते तर माझा पाय निघाला नसता.

सुजीला ठेवून जा असं तुम्ही लिहिता. ह्यांना लंडनला जाऊन वर्ष झालं. सुजी ह्यांचा फोटो बघून "काका" म्हणते. तिला ठेवून गेले तर ती मलाही मावशी म्हणेल. बोटीचा पास मिळत नाही. कंपनी विमानांची आहे.

काल कंपनीच्या ऑफिसात जाऊन आले. तिथले साहेब बोलायला चांगले, बसायला खुर्ची दिली. म्हणाले, "बाई, खरं सांगायचं तर फर्स्ट क्लासमध्ये लहान मूल आम्हाला नकोच असतं. लोक विश्रांतीसाठी ती जागा घेतात. पण तुमच्याकडे पास आहे आणि मागे जागा नाही. मूल रडलं आणि कुणी तक्रार केली तर ती तुमच्या मिस्टरांच्या नावावर लागते. अजून नोकरीत पक्के झालेले नाहीत ना ते?" मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, "मग सांभाळा."

बाहेर जिन्यात दोन बायका उभ्या होत्या, त्याही लंडनच्या तिकिटासाठी आलेल्या. सुजी माझ्या कडेवर होती. एकीनं दुसरीला विचारलं, "ही कुणाची आया?" मी ऐकलं, आणि सुजीचं झबलं नीट केलं. तेव्हापासून मनात एकच आहे, की तिथं बसल्यावर कुणालाही आमच्याकडं वळून बघावं लागू नये.

म्हणून विचारते, रागावू नका. चाळीतल्या सुभद्रामावशी म्हणतात, पूर्वी मिलमधल्या बायका पोरांना गोळी देऊन कामावर जायच्या, आणि पोरं संध्याकाळच्या भोंग्यापर्यंत उठत नसत. प्रवासापुरती एकदाच दिली तर काही होतं का? तुम्ही सांगाल तसं करीन.

खाली ज्या रेघा आहेत त्या सुजीच्या. पेन ओढून घेतलं आणि निब वाकवली. दुसरा कागद घेत नाही, तसंच पाठवते.

आपली,
कांता


डिलाईल रोड
१७ जानेवारी १९६०

कांता,

नाही. पुढचं वाचायचा कंटाळा आला तर एवढंच वाच.

गोळी म्हणजे अफू. सुभद्रा तिला बाळगोळी म्हणते, म्हणून ती बाळाची होत नाही. सुभद्राची सासू आमच्या चाळीत पोरं सांभाळायची. सकाळचा भोंगा झाला की बायका आपापली पोरं तिच्या चटईवर आणून टाकायच्या. ती एकेकाच्या जिभेवरून बोट फिरवायची, की दिवसभर आवाज नाही. एकदा मिलची डॉक्टरीण बघायला आली. म्हणाली, "किती शहाणी मुलं." त्यातला सुभद्राचा गणपत तू रोज बघत होतीस. तीस वर्षांचा घोडा झाला, पायरीवर बसून हसतो. तोंडावर माशी बसली तरी हात उचलत नाही. सुभद्रा विचारते, माझ्या गणपतचा कुणाला त्रास आहे का? नाही. कुणालाच नाही.

शामला मी त्या चटईवर टाकलं नाही. वायंडिंग खात्यात सुताच्या रिकाम्या टोपलीत निजवायची. निजतोय कुठला, बोंबलायचा. आमच्यावरचा जॉबर म्हणायचा, "जाईबाय, ह्याला बंद कर नाहीतर तू बंद हो." मी म्हणायची, मशिनी बंद करा, मग तो होईल. मला काढलं. दुसऱ्या मिलमध्ये गेले, तिथूनही काढलं. यात माझं मोठेपण काही नाही. मला त्या चटईची भीती वाटायची.

आता तुझ्या साहेबाचं. तो चुकीचं बोलला नाही. ज्यानं झोपायसाठी जागा घेतली त्याला झोप मिळावी. मिलची पाळी करून आल्यावर शेजारचं पोर किंचाळलं तर मीही भिंतीवर लाटणं आपटायची. तेव्हा लहान पोरांनी वरच्या वर्गात बसू नये असं कुणी म्हटलं तर मी त्याच्याशी भांडायला जाणार नाही. ठेव म्हणते ते त्याचसाठी. पण न्यायची तर अख्खी न्यायची. रडणारी, ओकणारी, निब मोडणारी. नुसतं अंग खुर्चीत ठेवायचं आणि आतली पोर काढून घ्यायची, हे चालायचं नाही.

त्या बाईनं तुला आया म्हटलं. म्हणू दे. सुजी रडली की तुझ्याच गळ्यात पडणार, तेव्हा कोण कुणाची ते आपोआप दिसेल.

तक्रार झाली तर शामला म्हणावं, तुझ्याही झाल्या होत्या.

रेघा बघितल्या. एका ठिकाणी कागद फाटला आहे. तुझ्या मजकुरापेक्षा ते मला चांगलं लागलं.

मी विमानतळावर येणार नाही. वाटी कुणी येणार असेल तर त्याच्याकडं देते.

जाईबाई


लंडन
८ फेब्रुवारी १९६०

ती. आत्याबाईंस, कांताचा जयभीम.

आम्ही सुखरूप पोचलो. लिहायला उशीर झाला. इथं थंडी फार आहे आणि चार वाजता अंधार पडतो.

विमानात सगळं नीट झालं. सुजी सांताक्रूझहून निघाल्यावर जी झोपली ती कैरो आलं तरी उठली नाही. थोडं दूध घेतलं आणि पुन्हा झोपली. आमच्या शेजारच्या रांगेत एक म्हातारं इंग्रज जोडपं होतं. सुजीला बघून त्यांनी सुरुवातीलाच दुसरी जागा मागितली होती, पण ती मिळाली नाही. उतरताना ती बाई आपणहून माझ्याशी बोलली. म्हणाली, "अशी मुलं असतील तर मुलांनी खुशाल फर्स्ट क्लासमध्ये बसावं." मी थँक्यू म्हटलं. विमानातल्या मुलीनं सुजीला कापडाचा ससा दिला.

कुणाला आमच्याकडं वळून बघावं लागलं नाही. ह्यांच्या साहेबांपर्यंतही गेलं की शामरावांची फॅमिली फार व्यवस्थित आहे.

सुजी बरी आहे. प्रवासानं जरा दमली आहे. इथं पोस्टमन येतो, त्याला बघून रडत नाही. ससा अजून हातात धरत नाही. थंडीनं बोटं आखडत असतील.

तुम्ही गुडघ्यांना तेल लावत जा.

आपली,
कांता


डिलाईल रोड
१९ फेब्रुवारी १९६०

कांता,

तुझ्या पत्राखाली रेघा नाहीत. मी आधी तेच बघितलं, मजकूर मागून वाचला. कागद स्वच्छ, घडी सरळ.

डोळ्यात साबण गेला तर जी पोर खालच्या मजल्यावरच्या माणसांना वर आणते, ती मुंबईपासून लंडनपर्यंत रडली नाही. मडमेनं शाबासकी दिली. मिलच्या डॉक्टरणीनंही दिली होती, मी तुला लिहिलं होतं.

पत्र घेऊन सुभद्राकडं गेले. ती तांदूळ निवडत होती. मी विचारलं, "कांता आली होती का गं तुझ्याकडं?"

"आली होती. निघायच्या आदल्या दिवशी, तू नळावर होतीस तेव्हा."

"मग?"

"मग काय. मागितलं, दिलं. माझा म्हातारा दिवाळीत गेला, त्याची पडूनच होती."

"मी नको म्हटलं होतं."

"तू म्हटलं होतंस. पोर तुझी आहे का?"

मी पत्राची घडी घातली. गणपत हसला. तो कशालाही हसतो.

कांता, तू माझं पत्र वाचलंस आणि तरी दिलीस. "तुम्ही सांगाल तसं करीन" हे तुझ्याच हातचं आहे. तू मॅट्रिक झालेली. मला वाटायचं तुला लोकांची थोडी भीती वाटते. एका अनोळखी मडमेची मान वळू नये म्हणून तू पोटच्या पोरीची मान लुळी केलीस. मी आणखी वाईट लिहू शकते, पण मला काही वाटेनासं झालं आहे. तुझं पत्र आलं त्या दिवसापासून मी भाकऱ्या करते, पाणी भरते, झोपते. रागसुद्धा नीट येत नाही.

एकदाच दिली असशील तर उतरेल. मला लांबलचक पत्र नको. आता ती रडते का, एवढं लिही.

जाईबाई


लंडन
२० एप्रिल १९६०

ती. आईस, शामचा जयभीम.

तुझं पत्र आल्यापासून कांता लिहायला बसते आणि उठते. दोन महिने हेच चाललं आहे, म्हणून मी लिहितो. तिला पुन्हा असं काही लिहू नकोस. ती नको म्हणत होती. तुझं नाही म्हणणारं पत्र आल्याचंही तिनं मला कळवलं. मी तार केली, की मी सांगतो तसं कर. सुभद्रामावशीचं नावही आधी मीच सुचवलं होतं.

तू टोपलीची गोष्ट इतक्यांदा सांगितलीस की जॉबरच्या शिव्या मला ऐकल्यासारख्या वाटतात. पण ती चटई मी स्वतः बघितलेली आहे. शाळेत जाताना रोज दिसायची. पोरं ओळीनं निजलेली, अंगावर स्वच्छ फडकं. त्यांच्या आईला कुणी कामावरून काढत नसे. मला वाटायचं, ही नीट वळण लागलेल्या घरांतली पोरं आहेत आणि आपण तसे नाही. पासची बातमी आली तेव्हा मला पहिल्यांदा तेच आठवलं. मी मुद्दाम वाईट केलं असं नाही.

आणि त्याचा उपयोग झाला. पहिल्या तारखेपासून मी पक्का झालो.

इथं आमच्यासारख्यांना खोली मिळत नाही. दारावर 'काळ्यांना जागा नाही' अशी पाटीच लावलेली असते. ही मिळाली ती मुलाचा आवाज होणार नाही या अटीवर. घरमालकीण खालीच राहते, स्वभावानं वाईट नाही. आता म्हणते, वर मूल आहे हे मला कळतसुद्धा नाही.

तू विचारलंस सुजी रडते का. नाही, मुळीच रडत नाही. परवा जिन्यावरून पडली, कपाळाला खोक पडली, तरी आवाज नाही. कांताच रडत होती. मी म्हटलं, अगं, पोर गप्प आहे आणि तू काय रडतेस. खोक भरत आली आहे.

तिकडं येत्या एक मेला आपलं राज्य होणार. चाळीत मोठा उत्सव असेल. तू मोर्च्यात लाटणं घेऊन गेली होतीस ते इथल्या मराठी मंडळींना सांगतो, सगळे हसतात. कसं झालं ते सविस्तर लिही.

तुझा,
शाम


डिलाईल रोड
१ मे १९६०

शाम आणि कांता, दोघंही एकदम ऐका. ती अफूची डबी अजून तुमच्या घरात आहे.

शामचं पत्र काल आलं. कपाळाला खोक आणि आवाज नाही, एवढं वाचून मी उठले आणि सुभद्राकडं गेले. या वेळी विचारलं, "दिलीस म्हणजे किती दिलीस?"

"किती काय. डबीच दिली. मला काय करायची होती?"

"एका प्रवासाला डबी?"

"परदेशात मिळत नाही गं," ती म्हणाली. "लागली तर कुठं हुडकेल बिचारी."

तिनं प्रेमानं दिली. हे तुम्हाला सांगून ठेवते, म्हणजे तिला शिव्या द्यायचं सुख मिळणार नाही.

पोर आधी मडमेसाठी निजवली, आता घरमालकिणीसाठी निजवता. रोज देता की आवाज वाढला की देता, ते मला कळवू नका. मी कांतावर सगळं घातलं होतं ते मागं घेते. तिच्याकडं निम्मं ठेवते, निम्मं तुझ्याकडं देते, शाम. तुला चटई वळणाची वाटली. त्या चटईवरून उठलेलं एकही पोर तुझ्या वर्गात का नव्हतं, हे तू एवढी गणितं केलीस, त्यात कधी आलं नाही का?

उत्सव कसा झाला ते विचारलंस. झाला. चाळीवर दिवे लावले. परळकडून ढोल आले, मशाली आल्या. ज्यांची पोरं गोळीबारात गेली त्या बायकाही गॅलरीत उभ्या होत्या, दोघींनी गुलाल लावून घेतला. माझ्या हातावर कुणी पेढा ठेवला, तो तसाच चिकटून राहिला. चार वर्षं मी या दिवसासाठी घसा फोडला आणि दिवस आला तेव्हा मला काही वाटलं नाही. मी गणपतच्या शेजारी पायरीवर बसले. फटाके अगदी पायाशी उडत होते. गणपतनं मान वळवली नाही. आणि फटाक्यांच्या आवाजानं चाळीतली तान्ही पोरं एकेक करून उठली, प्रत्येक मजल्यावरून रडणं सुरू झालं. बायका वैतागल्या, "आता ही कधी निजायची." मी ते रडणं ऐकत बसले. उत्सवात मी एवढंच केलं.

आता काय करायचं ते लिहिते, शाम. डबी मोरीत रिकामी कर, पाणी ओत. कचऱ्यात टाकू नको, पुन्हा उचलशील. पोरीला आजच डॉक्टरकडं ने. प्रवास, थंडी, हवापालट काही सांगायचं नाही. पहिला शब्द अफू. इंग्रजीत काय म्हणतात ते तुला येतं. लाज वाटली तर वाटू दे, लाजेनं अजून कुणी जिन्यावरून पडलं नाही. गोळी सुटल्यावर ती रडेल. खूप रडेल, डॉक्टरांना ते आधीच विचारून ठेव. घरमालकीण खोली सोडा म्हणेल. तिची अट तिला ठेवू दे, तुम्ही दुसरी खोली बघा. ती लगेच मिळणार नाही हे मला माहीत आहे. मलाही दुसरी मिल लगेच मिळाली नव्हती.

जिथं पोराचा आवाज चालत नाही तिथं पोरानं बसू नये, हे मी जानेवारीतच लिहिलं होतं आणि आजही तेच लिहिते. वरचा वर्ग असो, वरची खोली असो. तुम्हाला तिथं बसायचं असेल तर बसा. सुजीला माझ्याकडं धाडा. मी तिला विमानातून आणायला येऊ शकत नाही, पण ट्रामची पायरी चढून सांताक्रूझच्या गाडीपर्यंत येईन.

वाटी आणि सहाण फळीवर आहेत.

या पत्राला उत्तर तू लिहायचं नाहीस, शाम. कांतानंही नाही. तुम्ही दोघं फार चांगलं लिहिता. कोरा कागद सुजीपुढं ठेवायचा, पेन तिच्या मुठीत द्यायचं आणि बाजूला व्हायचं. हात धरायचा नाही, धरून ओढलेली रेघ मला ओळखू येते. निब मोडली तर मोडू दे, कागद फाटला तर फाटकाच धाडा. एक दिवस लागो नाहीतर महिना लागो, तोवर तुमचं अक्षर मला दिसता कामा नये. उत्तर तिनं द्यायचं.

जाईबाई